मुकी पात

९ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

हे गेल्यापासून तुमची दोन पत्रं आली आणि माझं एक गेलं. मग दोघीही गप्प बसलो. कुणीतरी आधी लिहायला हवं, आणि मी धाकटी, म्हणून लिहिते.

माझं चाललंय. दवाखान्याच्या धुलाईघरात अजून चादरींच्या घड्या घालते. वाफेनं पाय सुजतात, बाकी तक्रार नाही. घरी आले की चहा करते आणि वाचनालयातलं पुस्तक उघडते. पूर्वी वाचायला बसले की हे हाका मारायचे, आता कुणी मारत नाही, तरी दोन पानांपुढे जात नाही.

लिहायचं कारण वेगळं आहे. टेकडीच्या उतारावर, झाडांखाली, पात पुन्हा वर आली आहे. काल कामावरून येताना वळसा घालून बघून आले. तुम्ही भावंडांनी लहानपणी जी खुडली तीच, लसणाच्या वासाची. तीस वर्षं ती आमच्या घरात आली. पण खुडायला हे जायचे, मी फक्त चिरायची आणि शिजवायची. उतारावर उभी राहिले तर मला सगळी पानं सारखीच दिसली. मला ती ओळखायला शिकवा.

खायला नको आहे. खरं सांगते, वन्सं. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या रविवारी मी पात शिजवली, हे दुपारी जेवले आणि सोमवारी गेले. डॉक्टर म्हणाले हृदय, मग सगळेच म्हणाले हृदय. मीही मान हलवली. पण ती भाजी माझ्या हातची होती. त्यात काय होतं ते मला कळायला हवं. हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही.

तुमची,
मास्तरीण

(तुम्हीच ठेवलेलं नाव. वाण्याच्या पुडीचा कागदही वाचते म्हणून हसायचात, आठवतं?)


१८ फेब्रुवारी

मास्तरणीला आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय तुझं. माझं बिघडलंय, कारण मोतीबिंदू. तेव्हा ओळी वरखाली झाल्या तर चालवून घे.

आमचे वडील हृदयानं गेले, धाकटाही हृदयानं गेला. घराण्याचा रोग तो. तू त्यात भाजी कुठून आणलीस? तीस वर्षं शिजवलीस तेव्हा कुणी मेलं का? हा विषय इथे संपला.

शिकायचं म्हणतेस तर शिकवते. नुसती बसून चादरी मोजण्यापेक्षा बरं.

आमची आई दोन पाती सांगायची, बोलकी आणि मुकी. दोन्ही झाडांच्या सावलीत येतात, एकमेकींच्या गळ्यात गळा घालून. बोलकी खायची. मुकी विषारी, शिजवून, धुवून, उकळून, कशानंही तिचं विष जात नाही. बोलकीचं पान चुरगाळलं की लसणासारखं बोलतं. मुकीला वास नाही. पण नुसत्या नाकावर जाऊ नकोस. बोलकीचं प्रत्येक पान जमिनीतून आपापल्या देठावर एकटं येतं आणि मऊ असतं, धरलं की मान टाकतं. मुकीची पानं एका देठावर दोन, एकात एक गुंडाळलेली, आणि मागून चकचकीत.

एका वेळी एक पान खुडायचं. मूठ भरून कापायचं नाही. आमची आई मूठ कापणाऱ्याच्या हातावर मारायची. धाकट्यानं पुष्कळ मार खाल्लाय.

पहिले पंधरा दिवस खायचं नाही, नुसतं ओळखायचं. आणि शंका आली की पान टाकायचं, शंका टाकायची नाही.

तुझी वन्सं


३ मार्च

वन्संना नमस्कार.

पाच वेळा जाऊन आले. सुट्टीच्या दिवशी दोनदा. गुडघ्यांना उतार सोसत नाही, पण तिथे गेलं की कुणी बोलायला येत नाही, ते बरं वाटतं.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते, हसाल. एकेक पान खुडलं, प्रत्येक पान चुरगाळून नाकाशी धरलं. सगळी बोलकी निघाली. मी मनात म्हटलं, यात कसली आलीय विद्या. घरी येऊन वर्तमानपत्रावर पसरली आणि तुमचं पत्र शेजारी ठेवून देठ बघितले. चाळीस पानांत सहा मुकी. सहाही मी हुंगून घेतली होती, वन्सं. मग लक्षात आलं. दहा पानं चुरगाळल्यावर माझी बोटंच लसूण झाली होती. त्यानंतर मी दगड हुंगला असता तरी तो बोलका निघाला असता.

आता बरोबर पाण्याची बाटली आणि मूठभर राख नेते. पाच पानं झाली की हात धुते. आधी देठ बघते, मग पाठ, वास शेवटी. काल साठ पानांत एकही चूक नव्हती.

खालच्या मजल्यावर कपडे शिवणारी राहते ना, ती परवा उतारावर भेटली. तिच्याकडे पिशवी होती. म्हणाली, तुमच्या ह्यांनीच शिकवलं होतं मागं, पान नाकाशी धरायचं. मी फक्त पिशवीकडे बघितलं आणि उतरायला लागले.

तुम्ही विषय संपला म्हणालात. माझा संपत नाही. म्हणून तो दिवस एकदा लिहून काढते, तुम्ही वाचा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

रविवारी माझी दुपारची पाळी होती. हे सकाळीच पात घेऊन आले. मी आदल्या रात्री दुसरीच्या बदली रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांवर झोप. त्यांनी जुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, वास बघ गं जरा. हे त्यांचं त्या हिवाळ्यातलं नवीनच होतं. प्रत्येक वेळी मला वास घ्यायला लावायचे. मला वाटायचं, म्हातारपणी लाडात आलेत. मी आख्खी जुडी हुंगली, म्हटलं, आहे की वास. चिरली, बटाट्याबरोबर परतली, माझा वाटा झाकून ठेवायला सांगून कामावर गेले.

संध्याकाळी आले तर यांना उलट्या. आणि पातेलं घासून पालथं घातलेलं. ज्या माणसानं तीस वर्षांत पेला विसळला नाही त्यानं पातेलं घासलं. माझा वाटाही खाल्लेला दिसत होता. मी त्यांना बोलले. म्हटलं, दोघांचं एकट्यानं खाल्लंत, मग पोट बिघडणारच. ते हसले. म्हणाले, बटाटा बाधला असेल. भिंत पिवळी का दिसते म्हणाले. मी म्हटलं, अहो, रंग जुना झालाय. सकाळी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं होतं, तर हे म्हणाले, बटाटा.

एवढंच आहे. मी शेवटचं त्यांना खादाड म्हटलं, ते राहून राहून टोचतं.

तुमची,
मास्तरीण


११ मार्च

मास्तरणीला आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डोळे दुखतात म्हणून फार लिहीत नाही.

खादाड म्हटल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. नवराबायको एकमेकांना याहून वाईट बोलतात. मी तर आमच्या घरच्यांना शेवटच्या दिवशी आळशी म्हटलं होतं, आणि ते होतेच.

पातेल्याचं काय एवढं. माणसाला कधीतरी बुद्धी होते.

भिंत पिवळी दिसते असं तो एकदाच म्हणाला की पुन्हा म्हणाला? दिव्याभोवती कडं दिसतंय असं काही?

तू त्या उताराचा नाद आता सोड. ओळखायला आलं, झालं. पालेभाजी बाजारात मिळते.

तुझी वन्सं


१६ मार्च

वन्सं,

आज वर्ष झालं. कामावर गेले होते. घड्या घातल्या.

तुम्ही भिंतीचं का विचारलंत? सगळ्या पत्रात तुम्हाला प्रश्न एकच पडला आणि तो भिंतीचा. दिव्याला कडं दिसतंय असं ते म्हणाले होते. ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मग तुम्हाला कुठून कळलं?

मी वाचनालयात गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, विषारी झाडांचं पुस्तक द्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, बाई, मारायला कुणी उरलेलं नाही, द्या. तीन दिवस बसून वाचलं. शब्द अडले तेव्हा त्यांनाच विचारले. मुक्या पातीचं चित्र आहे त्यात. एका देठावर दोन पानं. खाली लिहिलंय, उलट्या होतात, डोळ्यांपुढे पिवळं दिसतं, ठोके मंदावतात, चुकतात, आणि हृदय थांबतं. वेळेवर कळलं तर उपाय करता येतो, असंही लिहिलंय.

म्हणजे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. हृदयच होतं. आणि तुम्हाला माझं पत्र वाचताक्षणी कळलं होतं.

मला समजूत नको आहे. मी पोर नाही. जे माहीत आहे ते लिहा.


२४ मार्च

मास्तरणीला,

लिहिते. शेजारच्या शाळामास्तरांना सांगून लिहून घेणार होते, पण हे दुसऱ्याच्या हातानं लिहिण्यासारखं नाही.

आमच्याकडे एक म्हातारी मुक्या पातीनं गेली होती. मी आणि धाकटा तिच्या उशाशी होतो, मी चौदा वर्षांची, तो दहाचा. तिला सगळं पिवळं दिसत होतं. दिव्याला कडं आलंय म्हणायची. आईनं आम्हाला मुद्दाम तिथे उभं केलं होतं, बघून ठेवा म्हणून. तेव्हा भिंत पिवळी दिसली त्या क्षणी धाकट्याला कळलं असणार. तुला नाही कळलं, तुला कसं कळावं. त्याला कळलं होतं.

पातेलंही त्यानं म्हणूनच घासलं. तुझा वाटा त्यानं खाल्ला नाही गं. टाकला. तू दमून येशील, भूक लागलेली असेल, आणि झाकण काढून खायला बसशील, हे त्याला माहीत होतं. तेवढं केलं त्यानं त्या अवस्थेत.

डॉक्टरांना का सांगितलं नाही, याचा मी तुझं पत्र आल्यापासून विचार करतेय. मला वाटतं, भाजी तुझ्या हातची होती. तुझ्याच दवाखान्यातले लोक, तूच शिजवलेलं, बोट तुझ्याकडेच गेलं असतं. त्याला वाटलं असेल, उलटीत गेलं, निभावेल. आणि लाजही असेल. पानांचा जाणकार म्हणून मिरवला सगळा जन्म.

आता माझं. तो जायच्या आधी, जानेवारीत, त्याचं पत्र आलं होतं. त्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्याचं नाक गेलं होतं. कसलाच वास येत नव्हता. जळकं दूधही कळत नाही म्हणाला. खाली लिहिलं होतं, हिला सांगू नकोस, मला टेकडीवर जाऊ देणार नाही. मी काय उत्तर दिलं असेल? मी लिहिलं, डोळ्यांनी बघ, आणि वास तिच्याकडून घे. त्याला जाऊ नकोस म्हटलं नाही. तुला कळवलं नाही. भावाचं गुपित राखलं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं.

लाडात नव्हता आला तो. तुझं नाक वापरत होता, आणि मी त्याला ते सुचवलं होतं. तुला मात्र कुणीच सांगितलं नाही की तुझ्या 'आहे की'वर त्याचा जीव टांगलाय.

शिव्या दे, मला चालतील. एकच मागते. हे आपल्या दोघींत राहू दे. तिथले लोक अजून त्याचं नाव काढतात. मुक्या पातीनं गेला कळलं तर हसतील, म्हणतील, पोहणाराच बुडाला. हृदयानं गेला हेच राहू दे.

वन्सं


१२ एप्रिल

मास्तरणीला,

एकोणीस दिवस झाले. तुझं पत्र नाही. टपालवाल्याला रोज विचारते, तो आता लांबूनच मान हलवतो.

डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. उत्तर देऊ नकोस वाटलं तर देऊ नकोस. फक्त बरी आहेस एवढं कळव. एका ओळीचं पत्र चालेल.

वन्सं


२० एप्रिल

वन्संना नमस्कार.

बरी आहे.

पत्र मिळाल्यावर मी आठ दिवस कामावर गेले नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच न कळवता. पहिले चार दिवस तुमच्यावर राग होता. पुढचे चार त्यांच्यावर. एका माणसाचं नाक जातं, ते दोनशे कोस लांबच्या बहिणीला कळतं आणि एका ताटात जेवणाऱ्या बायकोला कळत नाही. मी दूध जाळलं होतं त्या हिवाळ्यात, दोनदा. हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, किती समजूतदार.

नवव्या दिवशी राग असा उरला नाही. रागवायला अंगात बळ लागतं. उठले, कामावर गेले.

वर्षभर मला वाटत होतं, त्यात काय होतं ते कळलं की सुटेन. कळलं. मुकी पात होती, ती मी हुंगली, मी चिरली, मी शिजवली. सुटले नाही. पण आता रोज उठून तोच प्रश्न विचारावा लागत नाही, एवढाच फरक. आणि त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते कळलं. त्याचं काय करायचं ते अजून कळत नाही. आभार कुणाचे मानू?

तुम्हाला शिव्या देत नाही. मला विचारलं असतं तर मीही त्यांना टेकडीवर जाऊ दिलं असतं, बरोबर गेले असते इतकंच. तेवढंच पुरलं असतं. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

आता तुम्ही मागितलंत त्याबद्दल. ते मी पाळलेलं नाही.

परवा संध्याकाळी उतारावर गेले होते. खायला नाही, माझं अजून धाडस नाही. शिवणारी तिथे होती. बसून मूठमूठ पात कात्रीनं कापत होती, कापडाची कात्री. मूठ नाकाशी न्यायची आणि पिशवीत टाकायची. पिशवी निम्मी भरलेली. तिच्याकडे मुलीकडची मंडळी जेवायला येणार होती, सात माणसं. मी लांबूनच म्हटलं, एकेक पान बघून घ्या हो. ती म्हणाली, बघते ना, वास आहे सगळ्याला. मी म्हटलं, हात धुऊन बघा. ती हसली. म्हणाली, काकू, तुमच्या मालकांनीच शिकवलंय मला, तुम्ही काळजी करू नका. त्यांच्या हाताखालची आहे मी.

मी तिथेच खाली बसले. तुमचं पत्र आठवलं, पोहणाराच बुडाला. मनात म्हटलं, नुसतं विषारी आहे म्हणून सांगते, त्यांचं नाव कशाला. तसं सांगूनही पाहिलं. ती हो हो म्हणाली आणि कापत राहिली. कोण ऐकतं, वन्सं? तिला शिकवणाऱ्याचं नाव माझ्यापेक्षा मोठं होतं.

तेव्हा मी म्हटलं, "माझे मालक याच पानानं गेले."

तिची कात्री थांबली. म्हणाली, "हृदयानं गेले ना ते?"

"हृदयच. पानानं बंद पाडलं. त्यांचं नाक गेलं होतं, आणि मी तुमच्यासारखीच मूठ हुंगून हो म्हटलं होतं."

वर्षभर घशाशी होतं, आणि बोलायला श्वासभर वेळ लागला. आभाळ कोसळलं नाही. ती हसलीही नाही. तिनं पिशवी माझ्या पदरात उपडी केली आणि समोर बसली. अंधार पडायच्या आत संपवायचं होतं, तरी आम्ही भरभर नाही, सावकाश निवडलं. देठ कापलेले, त्यामुळे जोडी ओळखता येईना. मी पाठ बघायला शिकवली, चकाकते का ते. चकाकणारी अकरा सापडली. आणखी तीसेक पानांबद्दल माझी मलाच खात्री देता येईना. शेवटी म्हटलं, देठाशिवाय हे सगळंच शंकेचं. सगळी टाकली. सात माणसांना तिनं डाळ करून घातली म्हणे.

उतरताना तिनं रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली. मग म्हणाली, ते चांगले होते हो, हातात पान देऊन समजवायचे. मी म्हटलं, होते. तेवढंच. त्यांचं नाव खाली गेलं असं मला तरी वाटलं नाही. तुम्हाला वाटलं तर तसं लिहा, मी वाचेन.

ऑपरेशनला सोबत कोण आहे तुमच्या? मला वर्षाला आठ दिवसांची रजा मिळते, ती या घरी बसण्यात संपली, पण मागून बघते. शाळामास्तरांवर विसंबू नका.

आणि एक. शिवणाऱ्या बाईनं तिच्या ओळखीच्या दोघींना सांगितलंय, त्याही पात खुडतात. उद्या चार वाजता त्या उतारावर यायच्या आहेत. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल.

तुमची,
मास्तरीण